उलटा गुडघा

पॅरिसहून कागद आला. म्हणजे स्कॅनच,
पण मूळ कागदाची घडी त्यात दिसते,
कोपऱ्यात कपाचा गोल डाग
आणि शाईत साल, एकोणीसशे तेहतीस.
पेढीचं नाव आमच्या जिभेवर बसत नाही,
महाप्याच्या युनिटात सगळे नुसतं 'मोठं घर' म्हणतात.

ब्रोच. पक्षी, एका पायावर उभा.
पंखात एकशे बारा माणकं,
खड्याने खड्याला धरून ठेवायचं,
नख्या कुठेच दिसता कामा नयेत.
माझ्याकडे पाय आले.
शेवईएवढी प्लॅटिनमची तार,
आणि मी तिथेच अडले :
गुडघा मागे वळलेला.

अप्पांना सांगितलं.
जांभळी नाक्यावर चाळीस वर्षं बागेसरी फुंकली त्यांनी,
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
तरी गुंजभर कमी असलं तर बोटांना कळतं.
म्हणाले, कागद चुकला म्हणतेस,
पक्ष्याला विचारलंस का, शालन?

शनिवारी ऐरोली पुलाच्या अलीकडे उतरले.
ओहोटी. चिखल, पिशव्या, विजेचे मनोरे,
आणि त्यांच्या पायथ्याशी
रोहितांचा गुलाबी पसारा.
अर्धा तास एकाचाही पाय हलेना.
चपलेत चिखल शिरला. डास.
मग एकाने पाऊल उचललं
आणि पाय मागे दुमडला,
बिजागरी उलटी बसवलेल्या दारासारखा.

त्या वासात मला तो माणूस दिसला
ज्याचं नाव कागदावर नाही
(पेढीचा शिक्का आहे).
कुठल्याशा तळ्याच्या कुंपणाशी, थंडीत,
हातमोज्यातून दोन बोटं बाहेर काढून
तोही ताटकळला असणार.
आत कुणी तरी विचारत असेल, झालं का?
आणि हा म्हणत असेल, अजून नाही, हलला नाही.

सोमवारी वळण दिलं. तार एकदा तुटली.
पाठीमागून, जिथे कोटाचं कापड टेकेल,
तिथलाही सांधा घासला.
समोरून बघतं ते गिऱ्हाईक,
मागून बघतो तो सोनार. हे अप्पांचं.
सुटताना गेटवर नखं ब्रशने घासून घेतात,
हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात राहतं.

घरी अप्पा जागेच होते.
मग, कुठे वळतो?
मी त्यांचा हात उचलला,
कोपर माझ्या तळव्यात धरलं
आणि हळूच मागे दुमडून दाखवलं.
थांब, म्हणाले,
परत कर.