अंगठ्याची जागा

नायसे नदीच्या अलीकडे जर्मनी, पलीकडे पोलंड,
मध्ये एक पूल, आणि पुलापासून तिसऱ्या गल्लीत
हेन्रिके यान्नाशची कार्यशाळा:
अक्रोडाचा भुसा, सरस, पितळेचा कीस,
आणि फळीवर अशी वस्तू, जिची आता कुणालाच गरज नाही,
तरी जिच्यासाठी दोन वर्षं थांबायला लोक तयार आहेत.

हाताने फिरवायचे सिनेमाचे कॅमेरे.
लाकडी पेटी, पितळी दांडा,
शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी होते तसेच,
फक्त या महिन्यात केलेले.

मूळ कॅमेरा संग्रहालयात, काचेआड.
त्याला शिवायची परवानगी
फक्त क्ष-किरणांना मिळाली.
त्यांनी सगळं टिपून आणलं. सगळं म्हणजे सगळं.

यंत्राने फळी कापली तेव्हा
कोऱ्या अक्रोडात, डाव्या अंगाला,
एक भोक निघालं, मोहरीएवढं.
व्हिएस्वाफ चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
"ही कीड आपल्याकडे कुठून आली?"
कीड नव्हतीच.
ती मेली त्यालाही शतक झालं.
तिची पोकळी तेवढी आली होती,
एकही दात न लावता.

"बुजवू या. मेण आहे."
हेन्रिकेने पेन्सिल कानामागून काढली,
परत कानामागे ठेवली. विचार करायची तिची हीच रीत.
गिऱ्हाईकाने लिहिलं होतं: हुबेहूब हवा.
सगळेच लिहितात. काही तर
पितळ काळवंडून मागतात, कडा घासून मागतात.
त्यांना तिचं एकच उत्तर:
झीज आम्ही विकत नाही.
ती ज्याची त्याने घरी करायची.

रविवारी पुलावर तिपाई मांडली.
सेकंदाला दोन फेरे चुकू नयेत म्हणून
व्हिएस्वाफ पुटपुटतो, राझ-द्वा, राझ-द्वा,
जात्याला लय सापडावी तसा.
एक बाई सायकल हातात धरून गेली.
दोन मुलं मुद्दाम तीनदा गेली.
एक कुत्रं परदेशी जाऊन परत आलं.

फिल्म धुतली.
प्रत्येक चौकटीत, वरच्या कोपऱ्यात, पांढरा ठिपका:
बाईच्या खांद्यावर, मुलांच्या टोप्यांवर,
कुत्र्याच्या मागे मागे पोलंडपर्यंत.
"मेण," व्हिएस्वाफ म्हणाला.

तिने जुनी फिल्म मागवली,
मूळ कॅमेऱ्याची उरलेली एवढीच, चाळीस सेकंदांची:
बाजाराचा दिवस, कोबीच्या गाड्या.
नोंदवहीत शेरा होता: खराब, बुरशीचे डाग.

बुरशी कसली!
तोच ठिपका, त्याच कोपऱ्यात.
घोड्याच्या कानावर, एका मुलीच्या टोपलीवर.
आणि सव्विसाव्या सेकंदाला
आधी अर्धा,
मग नखाएवढी कड,
मग नाही.
पुढे चौदा सेकंद बाजार स्वच्छ.

किती तरी वेळ ती पुढे-मागे करत राहिली.
मग बाकावरचा पाच नंबरचा कॅमेरा ओढला,
उजवा हात दांड्यावर,
डावा पेटीवर, पेटी थरथरू नये म्हणून ठेवतात तसा.
अंगठा कुठे पडतो ते पाहिलं.
एक पेर अलीकडे.
सरकवला.

त्या माणसाचं नाव कुठेच नाही.
त्याला भोक सापडलं होतं,
की नुसता हात अवघडला होता,
की त्या मुलीकडे बघताना तो जरा वाकला,
कोण सांगणार!
अक्रोडाला माहीत होतं, तेही कापताना निघून गेलं.

पाच नंबर टाम्पेरेला गेला, भोकासकट.
सोबत मेणाची डबी
आणि चिठ्ठी: कशाने झाकायचं ते तुम्ही ठरवा.

सहा नंबरची फळी यंत्रावर चढली
तेव्हा व्हिएस्वाफने विचारलं, "पाडायचं?"
पेन्सिल हातात आहे.
अजून कानामागे गेलेली नाही.