चपला शोधताना

म्हापशाचा बाजार शुक्रवारी,
आणि जुम्माही शुक्रवारीच.
पाऊण वाजता, गिऱ्हाईक ऐन दाटीत असताना
दस्तगीरचाचा हरमलच्या मिरचीवर गोणपाट ओढतो,
शेजारी म्हणतो, "एस्पेरांस, मात्शें पळय गो."

तिच्या डोक्यावर चोरिसांच्या लाल माळा, डुकराच्या.
ती नोव्हेनाला जाते तेव्हा
तोही राखतो तिचं दुकान, हात न लावता.
नुसता भाव सांगतो, "डब्यात टाका" म्हणतो.
एवढं चालतं का, त्यानं मौलवींना विचारलं होतं.
मौलवींना त्या दिवशी कमी ऐकू येत होतं.

मी त्याची वही लिहितो.
व्याजाचा रकाना बावीस वर्षं कोरा.
गोदाम जळलं त्या साली
जमेला चाळीस हजार. नाव नाही, कागद नाही.
कुठून आले?
"नमाजेत भाव कोणी बोलत नाही," तो म्हणाला,
"नंतर, पायरीवर, चपला शोधताना बोलतात.
भटकळचा खजूरवाला होता. बेळगावचा ट्रकवाला."
आणि फेडले नसते तर?
"पुढच्या शुक्रवारी त्याच्याच खांद्याला
खांदा लावून उभं राहायचं असतं, भाऊ."

दोनला परततो. टोपी खिशात.
एस्पेरांसनं किलोभर विकलेली,
वर एक मूठ, त्याच्या रिवाजानं.
तो तिची मूठ बघतो, स्वतःची बघतो,
चार मिरच्या उचलतो
आणि केळ्यांच्या गल्लीत
त्या बाईच्या मागे धावत सुटतो.