गव्हावर गहू

आमच्या गिरणीचा एकच नियम, वडिलांपासूनचा:
गव्हावर गहू टाकायचा, बाजरीवर बाजरी.
तरी दगडात मूठभर आधीचं राहतंच.
लोखंडेबाई पीठ चाळताना म्हणायच्या,
"माझ्या ज्वारीत कुणाची तरी पोळी आली हो,"
आणि आम्ही हसायचो.

ती मूठभर मला लागली.

कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टरांनी आत दुर्बीण घातली,
मग कागदावर आतड्याचं चित्र काढलं.
"इथं मखमल असते. तुमची झिजलीय."
मखमल म्हटल्यावर मला मखमलाबादच आठवलं,
आमचं गाव, आमची गिरणी.
दगड झिजला की आम्ही टाकी लावतो, म्हणालो.
"याला टाकी नको. गहू बंद करा,
हळूहळू भरेल."

बंद? मी दिवसाला चार क्विंटल दळतो, साहेब.
भुवयांत गहू, कानात गहू,
लग्नाच्या परिचयपत्रातसुद्धा,
वर्ण: गव्हाळ.

घरी शैलजानं एकेक डबा उपडा केला.
हिंगाच्या डबीवर, चष्मा लावूनच दिसेल अशा अक्षरांत,
गव्हाचं पीठ निघालं.
वीस वर्षं वरणात होतं ते.
आम्ही दोघं त्या डबीकडे
घरात राहून गेलेल्या चोरासारखं बघत बसलो.

निफाडच्या अक्कानं तूप सोडलेली पोळी वाढली.
"एकीनं काय होतंय?"
काय होतं ते पंगतीत सांगण्यासारखं नाही.
चांदोरीच्या पुढं बस थांबवायला लावली, एवढंच.

आणि मिसळ.
नाशकात राहून मिसळीचं काय करायचं माणसानं?
रविवारी भाच्यानं नेलं.
मी पिशवीतून नाचणीची भाकरी काढली,
वेटर असा बघत राहिला
जशी मी ताटात चप्पल ठेवलीय.
पाव दोन होते. उबदार.
भाच्याला म्हणालो, जा, दही सांगून ये.
तो उठला.

अर्धाच.
त्याला घास म्हणता येणार नाही.

मग सोमवार, मंगळवार, बुधवारची दुपार
गिरणीचं शटर खाली.
लोकांना सांगितलं, पट्टा तुटलाय.

गिरणी विक, असं सगळे म्हणतात.
पण दुसरं येतं काय मला?
तोंडाला फडकं बांधून उभा राहतो.
नळीखाली हात धरला की कोमट पीठ पडतं,
अंगठ्याखाली चोळून सांगतो: जाड आहे, थोडं आवळा.
पूर्वी चिमूटभर जिभेवर टाकायचो.
आता हात अर्ध्यावर जातो
आणि आठवण झाल्यासारखा थांबतो.

सातपूरच्या भंगारातून एक लहान चक्की आणली,
मागच्या खोलीत, वेगळ्या दाराची.
पत्र्यावर रंगवलं: इथे गहू नाही.
गिऱ्हाइकं आत डोकावतात, विचारतात,
"मग कधी येणार?"

चार महिन्यांत एकच बाई आली, आडगावहून,
तीन किलो ज्वारी, बरोबर सहावीतला मुलगा,
दप्तराच्या पट्ट्यांत खांदे मावत नव्हते, उरत होते.
तिनं दगडावर बोट फिरवलं,
बोटाकडे बघितलं.
"खरंच नाही ना?"
मी म्हणालो, आधी माझंच दळलंय.
मुलगा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागला.
"तुम्ही वाढदिवसाला काय खाता?"
मला उत्तर सुचलं नाही. द्राक्षं, म्हणालो.
त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

रात्री शैलजा ओट्याकडे तोंड करून जेवते,
पाठ माझ्याकडे,
पोळी मला दिसू नये म्हणून.
पाठीवरूनही कळतं मला,
कुठला घास भाताचा आणि कुठला पोळीचा.

काल म्हणालो, इकडं वळून जेव.
ती वळली.
पापुद्रा सुटला, वाफ आली.
मी बघितलं.

बघण्यात ग्लूटन नसतं.
बहुतेक.