चौथा खेळ

ती कादंबरी आमच्याकडे कुणी वाचायचं नाही,
ती नांदायची.
शहापूरच्या विणकरांकडे मागाशेजारी, खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत,
कॅम्पातल्या नर्सबाईंच्या उशाला.
वाचनालयातल्या प्रतीची एकतीस ते चौतीस पानं
कुणीतरी फाडून नेलेली,
आणि नेमकी तीच पानं सगळ्यांना तोंडपाठ.

म्हणून उचगावकर म्हणाले, संगीत करूया.
चौदा पदं. फिरता रंगमंच परवडायचा नाही;
नदी निळ्या पातळाची, दोन पोरं टोकं धरून हलवतील.
नदीचा डावा काठ मी.
उजवा इराप्पा तिगडी, ऑर्गनवाल्या बसवण्णींचा धाकटा.
खेळाला दोन रुपये आणि मध्यंतरात भडंग.

पहिल्या रात्री हॉल भरला
आणि तिथंच बिनसलं.
जो तो घरनं आपली चिमा घेऊन आलेला.
कुणाची सावळी, कुणाची जराशी तिरळी,
माझ्या आत्तीची तर हुबेहूब तिच्या वारलेल्या जावेसारखी.
पडदा वर गेला, प्रमिला कडोलकर उभी राहिली
आणि साडेचारशे चिमा एकदम म्हणाल्या,
ही कोण?

गायची चांगली हो ती. आजही सांगतो.
पण घाटावर चिमा गप्प बसते, तेच तर ते पान.
गप्प बसण्याला पद कसलं?
उचगावकरांनी तिथं घातला भूप, अकरा मिनिटं.
मागनं कुणीतरी ओरडलं, 'बाई, गप्प बसा की!'
हॉल हसला.
नदीसुद्धा हसली,
इराप्पाच्या टोकाकडनं सुरू झाली, माझ्यापर्यंत लाट आली.
प्रमिलानं ती पाहिली.
पद मात्र सोडलं नाही.

दुसऱ्या खेळाला अर्ध्या खुर्च्या.
तिसऱ्याला पाऊस नव्हता, परीक्षा नव्हत्या, मोर्चा नव्हता,
सांगायला कारणच नव्हतं.
एकशे सात माणसं, त्यातली सतरा पासावर.
खेळ संपल्यावर झाकण न लावताच
बसवण्णी म्हणाले, 'घाटावरचं पद, चलो ऐत्री.'
त्यांच्या कानडीत चलो म्हणजे चांगलं.
पुण्याहून आणलेल्या नायकाला वाटलं, निघायला सांगतायत.
त्यानं मिशी उतरवली
आणि रात्रीची गाडी धरली.

चौथ्या खेळाची तिकिटं छापून आलेली, गुलाबी.
त्यांच्या पाठीवर आमच्या गल्लीनं
वर्षभर दुधाचा हिशेब लिहिला.
उचगावकर पुन्हा विम्याच्या कचेरीत जाऊ लागले;
कुणी नाटकाचं काढलं की हप्त्याची तारीख सांगायचे.
प्रमिलाला हुक्केरीला दिली. गायली का पुढं, ठाऊक नाही.
नदी आईनं गोधडीला लावली,
त्या थंडीत मी तिच्याखालीच झोपलो.

इराप्पा गोकाकच्या गिरणीत लागला. कधी स्टँडवर भेटतो,
म्हातारा झालाय, माझ्याएवढाच.
पदाचे शब्द दोघांनाही आठवत नाहीत.
भांडण एकच, पन्नास वर्षांचं:
आधी कोण हसलं?
तो म्हणतो, तुझं टोक.
मी म्हणतो, तुझं.
मग बस लागते.

परवा वाचनालयात नवी प्रत आली.
पानांचे आकडे बदललेत, घाट शाबूत.
कपाटापाशी उभ्यानंच वाचला.
चिमा येते. पायरीवर बसते. गप्प.
चांगली अकरा मिनिटं गप्प.
लहानपणी माझीही एक चिमा होती, नाकात चमकी असलेली,
ती शोधली,
पण चेहरा, आता काय करणार,
प्रमिला कडोलकरचा;
हसणाऱ्या पाण्याकडे एकदा बघून
पुढचा सूर लावणारा.

आणि पुस्तकाच्या कडा धरलेले माझे हात
हलायला लागले, हळू,
समोरचं टोक
कुणी धरलेलं नसताना.