मागे राहणारं कुणी

व्हिएतनामची तिकिटं निघाली त्या दिवशी
अमळनेरात पंचेचाळीस अंश.
रात्री दहाला, कूलरच्या पाण्यात वाळा टाकून
आम्ही विमा निवडायला बसलो.

तीन योजना. तिघींना धातूंची नावं.
हे म्हणाले, स्वस्तातली घे, आठच तर दिवस.
ओजस म्हणाला, मधली,
तिच्यात बॅग उशिरा आली तरी पैसे मिळतात.
मी बारीक अक्षर वाचत होते.
नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर
एकोणीस वर्षं काढलीत मी.

पूर्वीचे आजार.
सासूबाईंना विचारलं, साखर आहे?
"डबामा शे, वरनी फयीवर."
हसलो सगळे.
मग त्यांनीच कमरेची पिशवी सोडून
गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवली.
तीन वर्षांपासून घेत होत्या. कुणाला माहीत नव्हतं.
हप्ता दुप्पट झाला.
"मंग मी घरच राहसू."
हे काही बोलले नाहीत,
दुपटीवर खूण केली.

सामान हरवल्यास:
कळण्याचं पीठ दोन किलो, केळ्याचे वेफर्स,
लसणाची चटणी. अंदाजे किंमत लिहा.
चटणीची किंमत कुणालाच सांगता येईना.

त्याखाली एक ओळ,
पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च.
ओजसने विचारलं, पार्थिव म्हणजे?
मी म्हटलं, मोठं सामान.

आणि मग नॉमिनी.
यांचं नाव टाकलं, आणि बोट थांबलं.
हे त्याच विमानात.
सासूबाई त्याच विमानात.
ओजस त्याच विमानात,
खिडकी त्याने आधीच मागून घेतलेली.
ते विमान पडलं तर
जमिनीवर आमचं कोण आहे?

यांना भाऊ नाही, बहीण नाही.
माझे आईबाबा गेले.
राहिली ताई. पारोळ्याची.

अमळनेर ते पारोळा, तासाभराचीसुद्धा एसटी नाही.
सहा वर्षं मी त्या एसटीत बसलेली नाही.
बाबा धुळ्याच्या दवाखान्यात सतरा दिवस होते.
असला कुठलाच कागद नव्हता तेव्हा आमच्याकडे,
आईच्या पाटल्या होत्या.
कुणी मोडल्या, कुणाला न विचारता,
किती तोळे भरल्या, पावती कुठाय —
बिल मिटलं.
बाकीचं तसंच राहिलं.

नुसतं नाव पुरत नव्हतं, जन्मतारीख हवी होती.
गावातल्या किती पोरांच्या तारखा
माझ्या अक्षरात आहेत,
सख्ख्या बहिणीची मला येत नव्हती.

पावणेअकराला फोन लावला.
"कोन मरी गयं?" तिने आधी विचारलं.
"कुणी नाही. तुझी जन्मतारीख सांग."
बराच वेळ पंख्याचा आवाज,
तिच्याकडचा का माझ्याकडचा, कळेना.
"शाळेतली का खरी?"
"खरी."
"शाळेतली एक जून. खरी आईला ठाऊक.
आखाजीचा दुसरा दिवस, म्हणायची,
निंबावरचा झोका अजून उतरवला नव्हता."

मी रकान्यात एक जून लिहिलं.
कलावती आनंदा बोरसे.
नातं, बहीण. हिस्सा, शंभर टक्के.

"पण कशाला गं?"
सांगितलं.
"म्हणजे तुम्ही सगळे मेले तर मी श्रीमंत."
"हो."
"मग पाटल्यांचा हिशेब मिटला म्हणायचा."
हसली की काय,
तेवढ्यात रेंज गेली.

सकाळी पॉलिसी आली. चार प्रवासी.
ऑफिसच्या प्रिंटरवर दोनदा छापली.
सूचना क्रमांक नऊ:
एक प्रत मागे राहणाऱ्या व्यक्तीकडे असू द्यावी.
मोबाइलवर पाठवता येईल, मला माहीत आहे.

पारोळ्याची एसटी साडेनऊला आहे.
घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.