लक्झर ते अस्वान, चार रात्री

कॉलेज रोडच्या ऑफिसात एसी इतका गार
की फिलोमिनानं पदर कानांवरून घेतला.
टेबलाच्या काचेखाली नाईल:
एक निळी रेघ, दोन्हीकडे बोटभर हिरवं,
मग नुसती वाळू.
मयंक नावाचा मुलगा विचारतो,
"केबिन कुठल्या बाजूची, मॅडम?
सूर्योदय की सूर्यास्त?"

चौतीस वर्षं आम्ही दोघी एका टेबलावर,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, पासपोर्ट तपासत.
पानं मोजायची, शिवण बघायची,
आकडा उजेडात धरायचा.
किती लोकांचे परदेश माझ्या अंगठ्याखालून गेले,
आणि सुटताना गेटवर बाई अंग चाचपायची,
एखादं कोरं पान
चिकटून तर आलं नाही ना.

गेल्या महिन्यात माझा स्वतःचा आला.
फोटोकडे नंतर पाहिलं, आधी शिवण.
सतराव्या पानाची शाई जरा उतरलेली.
मी असते तर बाजूला काढला असता.

मागच्या रविवारी रंगीत तालीम झाली,
गंगापूर धरणावर, वीस मिनिटं मोटारबोट.
फिलोमिनाला काही झालं नाही. मला झालं.
तिनं पर्समधून आलेपाक काढला, आणि म्हणाली,
"तिकडे चार रात्री आहेत, बाई."

मयंक सांगतो, बोटीच्या गच्चीवर पोहायचा तलाव.
"नदीवर तलाव?" फिलोमिना विचारते.
मयंक सांगतो, बोट दक्षिणेला जाते, प्रवाहाच्या उलट.
दक्षिणेकडे पाय करून झोपू नये, असं माझी आई म्हणायची.
केबिनमधला पलंग कसा ठेवलाय
हे कुठल्याच छापील कागदावर नाही.

मयंक सांगतो, पूर्व काठावर जिवंत माणसं राहायची,
मेलेली पश्चिमेला.
चेकआउटची वेळ सांगावी
तसं सांगतो.

तिचा माणूस शरणपूरला जमिनीत आहे,
वर पाटी, नाव, दोन तारखा.
माझा गंगेत.
रामकुंडात अस्थींचं पाणी होतं, गुरुजी म्हणाले होते.
मी पायरीवर बसून राहिले, घड्याळ बघत.
पाणी झालेलं मला काही दिसलं नाही.
बुधवार होता. काठावर बाजार भरलेला.
मेथीची एक जुडी घेऊन घरी आले
आणि निवडायला दोन माणसांची घेतली की काय
म्हणून पुन्हा मोजत बसले.

मग ती बारीक अक्षरातली ओळ:
अस्वानच्या बेटावर नदीत उतरणाऱ्या पायऱ्या,
भिंतीवर रेघा. पूर कुठवर चढला
ते त्यावर वाचायचे आणि तसा सारा लावायचे.
"दुतोंड्या मारुती!"
आम्ही दोघी एकदम.
मयंक ठाण्याचा, त्याला कळेना.
त्याला सांगितलं,
पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की भांडीबाजार जागा होतो,
छातीला लागलं की सराफांची दुकानं रिकामी.
तो म्हणाला, "पण ते बेट पॅकेजमध्ये नाही, वेगळे पैसे पडतील."
मी फुगा खोडला. उंट खोडला.
पायऱ्या लिहिल्या, माझ्या अक्षरात.
बेली डान्सच्या संध्याकाळीपुढे मात्र
फिलोमिनानं बरोबरची खूण केली,
माझ्याकडे न बघता.

"मग बाजू?"
"सूर्यास्त," फिलोमिना म्हणाली.
मी काही म्हटलं नाही.
मयंकनं टाइप केलं, आणि थांबला.
"आधीच सांगतो, धक्क्याला बोटी एकीला एक चिकटून लागतात.
तेव्हा खिडकीतून फक्त
शेजारच्या बोटीची खिडकी दिसते.
नंतर तक्रार नको."
"चौतीस वर्षं समोर हिचं तोंड बघितलंय," ती म्हणाली.

आगाऊ रक्कम रोख दिली.
सवयीनं मोजली दोनदा,
सवयीनं एक नोट ट्यूबलाइटकडे धरली.
"खोटी नाही ना, मॅडम?"
"आपल्याकडचीच आहे," मी म्हटलं,
आणि पावतीवरचं माझं नाव
एक-एक अक्षर तपासलं.