अठ्ठावीसच्या खाली

वडगावात, गल्लीच्या पार टोकाला,
ज्या खोलीत चार माग खडखडायचे
तिथं आता कुणी आलं तरी हळू बोलतं.
वाशांना दोऱ्या, दोऱ्यांना पिशव्या,
बहात्तर पिशव्या, पिंजर ठासून भरलेल्या.
भोकाभोकांतून कान बाहेर काढून
धिंगरी ऐकत असते
पत्रा कसा तापतोय ते.

माग भंगारात गेले तेव्हा
किलोचा भाव दादानं केला.
मी फक्त खड्डा मागितला,
बाबांच्या हातमागाचा, पाय सोडून बसायचा.
म्हटलं, तेवढा सिमेंटनं बुजवू नको.
त्यात आता वाळू आहे, वाळूवर पाणी.
जिथं खळीचा वास यायचा
तिथं ओल्या वाळूचा येतो.

एप्रिल. सकाळचे साडेदहा.
डबीत आकडा: तीस.
अठ्ठावीसच्या वर गेला की माझं जेवण जात नाही.
पस्तीसला कडा पिवळ्या पडतात, टोप्या करपतात.
गेल्या मे महिन्यात चाळीस पिशव्या
मी परड्यात पुरल्या, दिवस मावळल्यावर,
कुणाला न सांगता.

बेळगाव म्हणजे गरिबांचं महाबळेश्वर, म्हणायचे.
त्यातले गरीब तेवढे राहिलेत.

पत्र्याला चुना दिला, दोन हात,
धरून राहावा म्हणून त्यात फेविकॉल.
वर उसाचा पाला. माकडांनी ओढला.
परत घातला. परत ओढला.
तिसऱ्यांदा मासे धरायचं फाटकं जाळं आणून बांधलं
तेव्हा कुठं त्यांना कंटाळा आला.
भिंतींना गोणपाट, भिजवलेलं, दर दोन तासांनी.
खिडक्या पहाटे चारला उघडायच्या, साडेसातला बंद.
गारवा घरात कोंडून ठेवायचा,
मोडलेल्या लग्नाची बातमी ठेवतात तसा.

भरमाण्णा म्हणाला, कूलर घे की,
मेव्हण्याचं दुकान आहे शहापुरात, हप्त्यावर देतो.
घेतला. एक वाजता लाईट गेली.
कूलर कोपऱ्यात उभा,
चहा न विचारलेल्या पाहुण्यासारखा.
पहिला हप्ता पाच तारखेला.

डबीत एकतीस.
मधल्या भिंतीवरून निंगव्वाचं डोकं:
"बिसल भाळ अद. नीर हाक."
हाकते की, म्हटलं, टाकीत असायला नको?
नळ येऊन सात दिवस झालेत.
तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.
दोन घागरी घेऊन आली,
खड्ड्यात ओतल्या,
आणि उंबऱ्यात बसून पिशव्यांकडं बघत राहिली.
मग तिच्या मराठीत म्हणाली,
आमच्या रामदुर्गात विहीर होती,
सातव्या पायरीवर असंच लागायचं.
अळिंबी ती खात नाही. सोमवार असो नसो.

पश्चिमेच्या खिडकीला कापड पुरेना.
शेवटी ट्रंक उघडली.
शेवटच्या मागावरनं कापून काढलेली साडी,
साडेतीन वार, काठ आहे, पदर नाही.
अकरा वर्षं डांबरगोळ्यांत.
नेसता येत नव्हती, टाकता येत नव्हती.
बादलीत बुडवली, पिळली नाही,
तशीच खिडकीवर टांगली.
तांबडा रंग उतरला,
भिंतीवरनं ओघळत वाळूपर्यंत आला.
बाबांची वीण दाट होती.
वारा तिच्यातून गाळून येत होता,
अंगाला लागेल न लागेल असा.

साडेतीनला एकोणतीस.
चारला सत्तावीस.
मी आकड्यावर बोट ठेवलं,
पुसला जातो की काय बघायला.

दादा आला तेव्हा मी पिशव्यांवर फवारा मारत होते.
मागांच्या आवाजावर आवाज काढायची सवय त्याची,
अजून मोडलेली नाही.
दारातून ओरडायला तोंड उघडलं,
आणि काठ ओळखला.
साडीपाशी गेला, ओली कड दोन बोटांत धरली,
धागे मोजावे तशी.
डबी डोळ्यांजवळ नेऊन आकडा वाचला.
मग, धिंगरीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू:
"आणखी एक बादली मारूया काय गे?"